बासगिटारीच्या टुमा आणि शमुवेल रणभिसे यांचे वर्तमान

श्री. आधी नाद, मागून अक्षर. त्या नादास हात जोडून लेखणी धरिली. शके एकोणीसशे त्रेचाळीस, प्लवनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस थोरांची आज्ञा जाहली की, या राज्यात बासगिटार म्हणोन एक वाद्य वाजते, त्याच्या टुमा दर पाच-दहा वर्षांनी फिरल्या, त्या कैशा फिरल्या आणि फिरता फिरता कोण चढले, कोण उतरले, ते वर्तमान पदरचे न घालता साद्यंत लिहावे. त्याप्रमाणे लिहितो. राज्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. नदीकाठी राजधानी, राजधानीत एक नाट्यगृह, नाट्यगृहावर पत्रे, आणि राज्यात तोफा नाहीत, घोडदळ नाही, जे काय सामर्थ्य ते वाद्यवृंदांचे. थोर वाद्यवृंद दोन. नदीअलीकडचा बळवंतराव ओतारी यांचा, आणि नदीपलीकडचा जो, त्यास सारे नुसते 'पलीकडचे' म्हणत. लग्नसराई, जत्रा, गणेशोत्सव, संस्थांचे वर्धापनदिन, ऐसा सर्व मुलूख या दोघांनी वाटून घेतला होता आणि एकमेकांच्या मुलखात शिरण्याचा मनसुबा दोहींकडे अखंड चाले. आता बासगिटार म्हणजे काय, ते न जाणणारासाठी सांगतो. गिटारीची थोरली बहीण. धड लाकडी, दांडी लांब, तारा जाड आणि मुळात चार, आवाज खर्जाचा. गाणारा गातो, ढोलवाला ठोकतो, आणि या दोघांचे मध्ये राहून दोघांस एकत्र बांधणे हे तिचे काम.

शके एकोणीसशे तीन, दुर्मतीनाम संवत्सरे, शमुवेल रणभिसे यांचे वय बावीस होते. वडील देवळात पेटी वाजवीत, ते देऊळ ख्रिस्ती मंडळींचे, आणि शमुवेल लहानपणापासून पेटीच्या खालच्या सुरांवर कान ठेवून वाढले होते. त्या काळी विलायती वाद्य राज्यात मिळत नसे. मग शमुवेल गेले महबूबसाहेब शिकलगार यांचेकडे, ज्यांस सारी राजधानी महबूबचाचा म्हणे. चाचांचे पूर्वज तरवारींस धार लावीत. तरवारी गेल्या तेव्हा त्यांनी तंबोरे आणि सतारी घडविण्याचा उद्योग धरिला आणि त्यात नाव केले. चाचांनी बासगिटार जन्मात पाहिली नव्हती. एका मासिकातले चित्र पाहून, वीत-बोटांनी मापे धरून, तुणीच्या लाकडाची एक त्यांनी दोन महिन्यांत घडविली आणि ती इतकी जड जाहली की शमुवेल यांचा डावा खांदा पुढे जन्मभर किंचित खाली राहिला. नव्या तारा मिळणे दुर्घट, सबब शमुवेल जुन्या तारा काढून पातेल्यात सोडा घालून उकळीत, तेणेकरून त्यांचा मळ निघे आणि आवाज पुन्हा उजळे. हे वाद्य घेऊन ते ओतारी यांचे वृंदात रुजू जाहले. दोन वर्षांनी एस्तेरबाई गायला आल्या. आवाज बायकांमध्ये खालचा, रुंद, घाई नसलेला. पहिल्या तालमीस बाई गाऊन थांबल्या आणि मागे वळून म्हणाल्या, "मागे बसलेत ते कोण?" शमुवेल उभे राहिले. बाई म्हणाल्या, "काही नाही. तुमच्यामुळे मला आज भीती वाटली नाही, एवढेच सांगायचे होते." मग पुढल्या वैशाखात दोघांचे लग्न जाहले.

शमुवेल वृंदात रुजू जाहल्यापासून सात वर्षे सुखाची गेली. मग शके एकोणीसशे दहा, विभवनाम संवत्सरे, बंदराच्या शहरातून चित्रफिती येऊ लागल्या आणि त्यांत राज्याने पहिल्यांदा बिनमुंडक्याची बास पाहिली. दांडीच्या टोकास जेथे खुंट्या असाव्यात तेथे काहीच नाही, दांडी मध्येच तोडल्यासारखी, आणि धड पाटीएवढे. पलीकडच्यांनी ती महिनाभरात आणविली. तेव्हा बळवंतराव ओतारी यांनी शमुवेल यांस बोलावून सांगितले की, आपल्यासही तैसीच पाहिजे. शमुवेल चाचांकडे गेले. चाचा चित्र पाहून म्हणाले, "आमचे पणजोबा तरवारीला धार लावायचे. मुंडके उडवायचे काम तरवारीचे. हे आधीच उडवून आणतात होय?" शमुवेल म्हणाले, "चाचा, तुम्हाला करता येईल का?" चाचा म्हणाले, "मला मुंडके बसवता येते. काढायचे हात माझे नाहीत." मग बंदराच्या शहरातून एक काळी, बिनमुंडक्याची आली आणि तुणीची जड बास चाचांच्या दुकानात खुंटीस टांगून राहिली. पुढे चाचांनी ती एका शाळेस देऊन टाकिली आणि शके एकोणीसशे सत्तावीसच्या महापुरात शाळेच्या सामानाबरोबर ती वाहून गेली. बिनमुंडकी हलकी होती, लोक खुर्चीवर उभे राहून पाहत, आणि शमुवेल यांसही दोन वर्षे ती आवडली, हे खरे लिहिले पाहिजे. परंतु तिच्या तारा वेगळ्या असत, त्या राज्यात मिळत नसत. एकदा जत्रेत भर कार्यक्रमात सर्वांत जाड तार तुटली आणि शमुवेल यांनी उरलेल्या तीन तारांवर सबंध संध्याकाळ वाजविली. हजार माणसांत कोणास कळले नाही. एस्तेरबाई मात्र उतरताना म्हणाल्या, "आज कोणते बोट दुखत होते?"

शके एकोणीसशे सतरा, युवानाम संवत्सरे, बिनमुंडकी जुनी जाहली. आता लोक तिला हसू लागले, आणि जे हसत तेच पूर्वी खुर्चीवर उभे राहत. नवी टूम पाच तारांची. पाचवी तार सर्वांत जाड, सर्वांत खालची. त्यासंगे आणिक एक टूम अशी आली की पट्टा सैल सोडून बास पार गुडघ्यापाशी लोंबवावी आणि वाजविणाऱ्याने वाकून वाजवावी, जणू विहिरीतून काही काढतो आहे. बळवंतराव म्हणाले, "पलीकडे पाच तारा आहेत. आपल्याकडे चार. लोक मोजतात हो, शमुवेलराव." शमुवेल म्हणाले, "पाचव्या तारेचा सूर आपल्या स्पीकरमधून निघतच नाही." बळवंतराव म्हणाले, "निघू नये. असावी." मग पाच तारांची आली. पहिल्या कार्यक्रमास नाट्यगृहात शमुवेल यांनी पाचवी तार मोकळी सोडली, तो सूर काही कानी आला नाही, परंतु वरचे पत्रे थरथरले, मागल्या रांगेवर धूळ पडली, आणि एका नळीच्या दिव्याने खोबण सोडिली व तो तारेस लोंबकळत राहिला. लोकांनी टाळ्या दिल्या. पट्टा मात्र शमुवेल यांनी सैल केला नाही. पाठीस सोसत नाही, म्हणाले.

मग शके एकोणीसशे बावीस, विक्रमनाम संवत्सरे, ज्येष्ठात परेश मुणगेकर नावाचे चोवीस वर्षांचे वादक बंदराच्या शहरातून राजधानीत आले. त्यांची बास सहा तारांची. दांडी फळीएवढी रुंद, पट्टा इतका आखडलेला की वाद्य छातीवर, जवळजवळ हनुवटीखाली. अंगठ्याने तारेवर हाणीत, बोटाने खालून उपटीत, आणि खर्ज सोडून वर जाऊन सतारीगत तानाही घेत. बळवंतराव यांनी एक तालीम ऐकिली. दुसरे दिवशी त्यांनी शमुवेल यांस नाट्यगृहाच्या पायरीवर बसवून घेतले आणि चहा मागविला. चहा आला. मग म्हणाले, "शमुवेलराव, राग मानू नका. तुमच्या वाजवण्यात खोट नाही. पण ते दिसत नाही."

शमुवेल म्हणाले, "बळवंतराव, ते ऐकायचे असते."

"आता लोक बघायला येतात. मी काय करू सांगा. पलीकडच्यांनी त्या मुणगेकराला निरोप धाडलाय. तो तिकडे गेला तर पुढचा गणेशोत्सव आपला नाही."

"मग त्याला ठेवा."

"तुम्हाला काढतो म्हणताना मला..."

"वीस वर्षे तुमच्याबरोबर वाजवले," शमुवेल म्हणाले, "तुम्हाला बोलायला जड जाते एवढे पुरे." आणि चहा पिऊन कप पायरीवर नीट ठेवून घरी आले.

घरी एस्तेरबाईंनी वर्तमान ऐकिले आणि म्हणाल्या, "मीही उद्यापासून जात नाही." शमुवेल म्हणाले, "का?" बाई म्हणाल्या, "का काय? तुम्ही घरी, आणि मी त्याच्यापुढे उभी राहून गाऊ?" शमुवेल म्हणाले, "दोघांनी घरी बसून काय भिंतीला सूर लावायचा? तुझा गळा माझ्या जागेला बांधलेला नाही. जा." दुसरे दिवशी बाईंनी गाण्याची वही घेतली. मग गेल्या. आणि शमुवेल महबूबचाचांच्या दुकानी कामास बसू लागले. चाचांची नजर अधू जाहली होती. लोकांच्या वाद्यांच्या दांडीवरचे झिजलेले धातूचे पडदे कानशीने घासणे, उकललेली दांडी सरसाने सांधणे, तुटल्या खुंट्या बसविणे, ऐसी कामे शमुवेल करीत. दिवसभर इतरांच्या तारा जुळवीत, परंतु दोन वर्षे त्यांनी स्वतः एक गाणे वाजविले नाही. पाच तारांची घरी पलंगाखाली होती. एस्तेरबाई केर काढताना ती बाहेर ओढीत आणि पुन्हा आत सारीत.

शके एकोणीसशे चोवीस, चित्रभानुनाम संवत्सरे, कार्तिकात साखर कारखान्याच्या पटांगणात उसाची पहिली मोळी टाकण्याचा समारंभ होता. सकाळची वेळ, दहा गावचे लोक, पुढे मानकरी बसलेले. एस्तेरबाईंनी स्वतः चाल लाविलेले एक संथ गाणे होते, विहिरीवर एकटी उभी राहिलेल्या बाईचे. ते त्या अठरा वर्षे गात आल्या होत्या आणि त्या मुलखात ते त्यांचेच म्हणून ओळखले जाई. पहिले कडवे बरे गेले. दुसऱ्यात परेश वर चढले. बाईंनी सूर धरला की ते त्याच्या अवतीभवती बारा सूर पेरीत, बाई थांबल्या की ती जागा भरून काढीत, आणि लोक त्यांचेकडे बोट दाखवू लागले. तिसऱ्या कडव्याच्या आरंभी बाईंनी सूर लाविला तो चुकला. पुन्हा लाविला, पुन्हा चुकला. मग बाई थांबल्या. अठरा वर्षांत त्या गाण्यात त्या कधी थांबल्या नव्हत्या. कोणी मागून शिट्टी मारिली, मग ढोलवाल्याने दुसऱ्या गाण्याचा ठेका धरून वेळ निभावून नेली. उतरल्यावर बळवंतराव सर्वांदेखत म्हणाले, "बाई, वय झाले असेल तर सांगत जा. लोकांपुढे शोभा नको." एस्तेरबाई म्हणाल्या, "वय नाही, बळवंतराव. माझ्या पायाखाली काही नाही. मी पाय ठेवू कुठे?" आणि वाद्यांच्या गाडीत न बसता एस. टी.ने घरी आल्या. परेश मुणगेकर तेथेच सामानाच्या खोक्यावर बसून तारा पुशीत होते, त्यांनी हे ऐकिले.

दुसरे दिवशी दुपारी परेश चाचांच्या दुकानी आले. शमुवेल एका सतारीचा भोपळा सांधीत होते. दोघे एकमेकांस ओळखत, परंतु कधी बोलले नव्हते. परेश उंबऱ्यापाशी उभे राहून म्हणाले, "काका, काल बाईंचा सूर माझ्यामुळे गेला का?"

शमुवेल म्हणाले, "मी तिथे नव्हतो."

"बाई घरी काही बोलल्या असतील."

"नाही बोलल्या. जेवल्याही नाहीत."

परेश यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "मी वाजवले ते चूक नव्हते. एकही सूर चुकला नाही माझा. मी रात्रभर तपासले."

शमुवेल यांचे मनी आले की, याने माझी जागा घेतली, आता विद्याही माझ्याकडूनच न्यावी काय? ते उठून मागे हौदावर गेले. हातास सरस लागला होता तो धुतला आणि पुन्हा पुन्हा धुतला. राग दोन वर्षांचा होता. परंतु काल संध्याकाळी एस्तेरबाई ताट पुढे घेऊन भिंतीकडे पाहत बसल्या होत्या, ते त्यांच्या डोळ्यांपुढून जाईना. मग परत येऊन म्हणाले, "तुझ्यासाठी नाही. पण बैस. दुसरे कडवे वाजव."

परेश यांनी वाद्य काढून वाजविले. शमुवेल म्हणाले, "छान. आता यातले निम्मे सूर काढ." परेश यांनी काढिले. शमुवेल म्हणाले, "आता उरलेल्यातले निम्मे काढ." ऐसे करीत करीत शेवटी एका आवर्तनास एक सूर उरला. शमुवेल म्हणाले, "आता हा एक वेळेवर वाजव. आणि वाजवून झाला की थांबव. नुसता सोडून देऊ नकोस, थांबव." परेश यांनी पाऊण तास तो एक सूर वाजविला. मग कपाळाचा घाम पुसून म्हणाले, "काका, एवढ्याला सहा तारा कशाला लागतात?" शमुवेल म्हणाले, "मी कुठे म्हटले लागतात?" महबूबचाचा कोपऱ्यात बसून हे ऐकत होते, ते मोठ्याने हसले. परेश यांस ते हसणे लागले. वाद्य पिशवीत घालून, राम राम न करिता ते चालते जाहले. शमुवेल यांनी पुन्हा भोपळा हाती घेतला. दोन दिवस गेले. तिसरे दिवशी दुपारी परेश पुन्हा आले, उंबऱ्याबाहेर वहाणा काढल्या आणि त्याच जागी येऊन बसले.

मग पौषापर्यंत दररोज दुपारी शिकवणी चालली. कोठे सूर द्यावा यापेक्षा कोठे देऊ नये, हे शमुवेल यांनी फार सांगितले. घरी एस्तेरबाईंस काही बोलले नाहीत, आणि परेश यांसही बोलू नको म्हणोन बजाविले. पौषात एका संस्थेच्या वर्धापनदिनी बाईंनी पुन्हा ते विहिरीचे गाणे घेतले. बळवंतराव नको म्हणत होते, बाईंनी हट्टाने घेतले. तिन्ही कडवी गाइली, शेवटचा सूर लाविला, आणि लोकांनी पुन्हा गा म्हणोन हाकाटी केली. संध्याकाळी घरी येऊन बाईंनी पदर कमरेस खोवला, चहा टाकिला, आणि पाठमोऱ्या राहून म्हणाल्या, "तुम्ही शिकवलेत त्याला."

"कोण म्हणाले?"

"तिसऱ्या कडव्याआधी तुम्ही एक मात्रा सोडता. मला श्वास घ्यायला. सोळा वर्षे सोडत आलात. जगात दुसरे कोणी सोडत नाही." मग वळल्या. डोळे भरले होते, परंतु आवाज नेहमीचा. "त्याने सोडली. मी घेतला." शमुवेल म्हणाले, "चांगला मुलगा आहे. हात फार चालतो एवढेच." बाई म्हणाल्या, "त्याने तुमची जागा घेतली आणि तुम्ही..." शमुवेल म्हणाले, "जागा त्याने घेतली, गाणे तुझे होते."  पलंगाखालची पाच तारांची शमुवेल यांनी त्या संध्याकाळी बाहेर काढिली, पुसली, आणि पुढे ती भिंतीस टेकून राहू लागली.

टुमांचे चक्र थांबले नव्हते. शके एकोणीसशे तीस, सर्वधारीनाम संवत्सरे, सहा तारा लोकांस जड वाटू लागल्या. अमक्याची फळी, तमक्याचे दार, ऐसी चेष्टा होऊ लागली. आता टूम जुन्याची. चारच तारा, साधे लाकूड, उडालेला रंग. ज्यांस जुने मिळेना ते नव्यास पॉलिशकागदाने घासून जुने करीत, कोपरे आपटून पोचे पाडीत, आणि ऐसे ओरबाडलेले वाद्य घेऊन अभिमानाने मिरवीत. परेश यांनीही सहा तारांची काढून टाकिली आणि चार तारांवर आले, परंतु त्यांनी रंग घासला नाही. पलीकडचे तर तरुण वादक सोडून जुने जाणते शोधू लागले. तेव्हा बळवंतराव ओतारी स्वतः शमुवेल यांच्या घरी आले. म्हणाले, "शमुवेलराव, आता तुमचे दिवस आले. लोक तुमच्यासारखेच मागतात. परेशला गिटारीवर बसवतो, तोही तयार आहे. परत या." शमुवेल यांनी डावा हात पुढे केला. बोटांची पेरे सुजली होती, मधले बोट वाकडे जाहले होते. संधिवात. वैद्य, डॉक्टर, सारे जाहले होते. दांडीच्या टोकाकडचे पडदे जेथे दूर दूर असतात, तेथे बोटे पोहोचत नसत, पोहोचली तर दाबत नसत. बळवंतराव यांनी तो हात आपल्या हाती घेतला आणि म्हणाले, "मी आठ वर्षे उशिरा आलो." शमुवेल म्हणाले, "चहा घ्या." एस्तेरबाई दाराआड होत्या, त्या चहा घेऊन बाहेर आल्या नाहीत. कप शमुवेल यांनीच आणिला.

त्यावर दहा वर्षे गेली. महबूबचाचा पैगंबरवासी जाहले. बळवंतराव थकले आणि वृंदाचा कारभार परेश पाहू लागले. शमुवेल दुकानी बसून शिकवीत, तोंडाने सूर सांगत, हाताने टाळी देत, स्वतः वाजवीत नसत. एस्तेरबाईंचा आवाज वरून कमी होत चालला. शके एकोणीसशे चाळीस, विलंबीनाम संवत्सरे, त्यांनी ठरविले की आता थांबावे, आणि परेश यांनी फाल्गुनात नाट्यगृहात दुपारचा एक कार्यक्रम बाईंच्या सन्मानाचा नेमिला. त्याच सुमारास आणिक एक टूम राज्यात आली होती. आखूड दांडीची बास. दूरदेशी कोणी तरुण वादकांस तिचा बुटका, गोल आवाज आवडला म्हणोन ती निघाली, दुसरे कारण काही नाही. परेश यांनी एक मागविली, दुकानी आणिली आणि शमुवेल यांच्या मांडीवर ठेविली. म्हणाले, "काका, धरून बघा."

शमुवेल म्हणाले, "खेळणे आहे."

"असेल. धरा तर."

शमुवेल यांनी धरिली. पडदे जवळ जवळ, तारा सैल. वाकडे मधले बोट ठेविले तो सूर दबला आणि वाजला. त्यांनी पुन्हा वाजविला. मग तिसऱ्यांदा. मग परेश यांच्याकडे न पाहता म्हणाले, "बाहेर जाऊन बैस जरा." परेश बाहेर जाऊन पायरीवर बसले, आणि आत अर्धा तास एकच सूर वाजत होता, तो थांबे आणि पुन्हा लागे.

फाल्गुनात कार्यक्रम जाहला. बासवर शमुवेल, आणि परेश यांनी त्या दिवशी हाती खंजिरी घेतली. बाईंनी नऊ गाणी गाइली आणि शेवटास विहिरीचे गाणे. तालमीत ठरला सूर पेटीची पांढरी पाच. परंतु बाई माइकपाशी गेल्या, आणि कोणास न सांगता त्यांनी पांढरी चारवर सुरुवात केली, एक घर खाली. पेटीवाला अडखळला, गिटारवाल्याचा हात हवेत राहिला. शमुवेल यांच्या वाद्यावर तो सूर दांडीच्या अगदी टोकाशी, पहिल्या पडद्यावर, जेथे बोटे सर्वांत जास्त फाकतात. त्यांनी दुसरा शब्द येण्यापूर्वी बोट तेथे नेले आणि सूर दिला, आणि दुखले ते तोंडावर दिसले, आणि तो सूर धरून पेटी आली, मग गिटार आली, मग सारा वृंद एक घर खाली उतरून बाईंच्या मागे उभा राहिला. गाणे संपले. लोक उभे राहिले. रंगमंचामागे येऊन शमुवेल यांनी वाद्य उतरविले आणि हात काखेत धरून म्हणाले, "खाली उतरलीस. सांगायचे तरी."

एस्तेरबाई म्हणाल्या, "सांगितले असते तर तुम्ही मोकळी तार जुळवून ठेवली असती. मला बघायचे होते, अजून न सांगता येता का." आणि त्यांचा हात काखेतून काढून आपल्या दोन्ही हातांत धरून तेथेच एका खोक्यावर बसल्या. परेश यांनी दार लोटून घेतले आणि बाहेर उभे राहून, हार घेऊन आलेल्या मंडळींस थोडे थांबा म्हणोन सांगू लागले.

एवंच, चार तारा जाहल्या, मुंडके गेले, पाच जाहल्या, सहा जाहल्या, पुन्हा चार जाहल्या, दांडी आखूड जाहली. बास हनुवटीशी गेली आणि गुडघ्याशीही लोंबली. यात जे चढले ते आपल्या गुणाने चढले ऐसे नाही, आणि जे उतरले ते दोषाने उतरले ऐसेही नाही. हल्ली एस्तेरबाई सार्वजनिक ठिकाणी गात नाहीत. शमुवेल रणभिसे हयात असून दुकानी शिकवितात. शिकावयास येणारा प्रत्येकजण पहिल्या दिवशी हेच पुसतो की, कोणती बास घेऊ, सध्या काय चालते? त्यास ते म्हणतात, "जी खांद्याला पेलेल ती घे. तुझा हात बसेपर्यंत चालणारे बदललेले असेल." पाहिले तितके लिहिले. न्यून वाटेल तेथे ऐकणारांनी एक मात्रा सोडावी आणि पुढे जावे.